लेकीला वैमानिक व्हायचंय? आधी चाळणी, मग खर्च



मागच्या काही अंकांत आपण शेळीपालन, बँक जोडणी, पिकाचा विमा असे पाठ वाचले. या वेळचा पाठ आपल्या लेकींसाठी आहे, पण वाचायचा आपणच. कारण दहावी-बारावीचे निकाल लागले की गटात एक मागणी हमखास येते, ती म्हणजे मुलीच्या क्लासच्या फीसाठी कर्ज. हल्ली त्यात एक नवं कारण ऐकू येतं. "पोरीला विमान चालवायचंय, अकादमीत घालायचंय."

ऐकून छाती फुलते. पण सैन्यदलात वैमानिक होण्याच्या वाटेवर एक अशी चाचणी आहे, जी आयुष्यात एकदाच देता येते. आणि त्याआधी काही अटी अशा आहेत, की त्यात मुलगी बसत नसेल तर क्लासला कितीही पैसे भरले तरी उपयोग नाही. या अटी घरबसल्या, फुकटात तपासता येतात. म्हणून या पाठाचा सगळा मतलब एका वाक्यात सांगायचा तर, आधी चाळणी लावायची, मग खर्च करायचा.

हा पाठ दोन बैठकांत मोठ्याने वाचावा. ज्या घरात आठवी ते बारावीच्या मुली आहेत, त्यांनाही बैठकीला बसवावं. शेवटी चर्चेचे प्रश्न आहेत, ते सोडू नका.

१. हे दार मुलींसाठी कधी उघडलं?

हवाई दलात मुली वैमानिक म्हणून १९९४ पासून आहेत. सुरुवातीला हेलिकॉप्टर आणि मालवाहू विमानं त्यांच्या हातात दिली गेली. १९९९ च्या कारगिल युद्धात गुंजन सक्सेना यांनी चीता हेलिकॉप्टर उडवलं, हे आपल्यापैकी अनेकींना सिनेमामुळे माहीत आहे. लढाऊ विमानाचं दार उघडायला मात्र २०१६ उजाडलं. त्या वर्षी १८ जूनला अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंग या तिघी पहिल्या महिला लढाऊ वैमानिक झाल्या. आपल्या नागपूरच्या अंतरा मेहता २०१९ मध्ये लढाऊ शाखेत गेल्या.

बारावीनंतरची वाट, म्हणजे पुण्याजवळ खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, जिला सगळे एनडीए म्हणतात, ती मुलींना बंदच होती. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलींना परीक्षेला बसू द्या असा आदेश दिला. २०२२ मध्ये मुलींची पहिली तुकडी आत गेली आणि ३० मे २०२५ ला त्यातल्या १७ जणी प्रशिक्षण पुरं करून बाहेर पडल्या. म्हणजे हे दार अजून नवं आहे. त्यामुळे गावात विचारायला कुणी मोठी ताई सापडत नाही, आणि सांगोवांगीवर लोक पैसे घालवतात.

२. वाटा दोन, पायऱ्या पाच

पहिली वाट बारावीची. एनडीएची परीक्षा केंद्रीय लोकसेवा आयोग, म्हणजे यूपीएससी, वर्षातून दोनदा घेतं. वय साडेसोळा ते साडेएकोणीस. बारावीत शिकत असतानाच अर्ज करता येतो. मुलींना या अर्जाची फी माफ आहे, हे लक्षात ठेवा.

दुसरी वाट पदवीनंतरची. हवाई दल स्वतः एफकॅट नावाची परीक्षा वर्षातून दोनदा घेतं. उड्डाण शाखेसाठी वय २० ते २४, पदवीला ६० टक्के गुण, आणि बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र दोन्ही विषयांत प्रत्येकी ५० टक्के लागतात.

पायऱ्या दोन्हीकडे साधारण सारख्याच:

पहिली, लेखी परीक्षा. एनडीएला गणिताचा पेपर ३०० गुणांचा आणि सामान्य क्षमतेचा ६०० गुणांचा. या ६०० पैकी २०० गुण इंग्रजीचे. चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांचा एक तृतीयांश भाग वजा होतो, म्हणून ठोकून देणं महागात पडतं.

दुसरी, निवड मंडळाची मुलाखत. ती काही दिवस चालते. हवाई दलाची मंडळं देहरादून, म्हैसूर, गांधीनगर, वाराणसी अशा ठिकाणी आहेत. पहिल्याच दिवशी एक छाननी होते. त्यात बुद्धिमापनाचे प्रश्न आणि एक चित्र ३० सेकंद दाखवून त्यावर गोष्ट लिहिणं व गटात चर्चा करणं असतं. छाननीत न निवडलेल्यांना त्याच दिवशी परत पाठवतात. पहिल्यांदा जाणाऱ्या उमेदवाराला प्रवासभाडं नियमाप्रमाणे परत मिळतं, तेव्हा तिकीट टाकून देऊ नका.

तिसरी, उड्डाणाची कल चाचणी. आजच्या पाठाचा गाभा हाच आहे.

चौथी, वैद्यकीय तपासणी.

पाचवी, गुणवत्ता यादी. सगळ्यात पास होऊनही यादीत नाव वर लागतं. उड्डाण शाखेत मुलींच्या जागा दर वेळी बोटांवर मोजता येतील इतक्याच असतात. हे कडू असलं तरी आधीच माहीत असलेलं बरं.

एकदा निवड झाली की एनडीएतलं शिक्षण, राहणं, जेवण, पुस्तकं, गणवेश हा खर्च सरकार करतं. पालकांना सुरुवातीची थोडी अनामत आणि खिशाखर्च द्यावा लागतो. म्हणजे मोठा खर्च निवडीनंतरचा नाही. खिसा रिकामा होतो तो निवडीआधीच, आणि तोच आपल्या हातात आहे.

३. घरच्या घरी पहिली चाळणी

वही घ्या आणि मुलीला समोर बसवून एकेक ओळ तपासा.

विषय: बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित आहे का? एनडीएतून हवाई दलात जायचं तर हे तिन्ही हवेत. अकरावीला प्रवेश घेताना "गणित अवघड जातं, जीवशास्त्र घे" असं कुणी सांगितलं आणि गणित सुटलं, की वैमानिकाचं दार त्याच दिवशी बंद झालं. हे दहावीच्या निकालाआधी कळायला हवं.

लग्न: उमेदवार अविवाहित असावी लागते. एनडीएचं वय साडेएकोणीसला संपतं, आणि आपल्याकडे अठरा पुरी होताच स्थळं यायला लागतात. एफकॅटसाठीही २५ वर्षांच्या आतली उमेदवार अविवाहितच हवी. तेव्हा "अजून चार वर्षं विषय काढायचा नाही" असं आईने घरात ठामपणे सांगणं ही या परीक्षेची पहिली तयारी आहे. ती तयारी कुठलाच क्लास करून देत नाही.

उंची: उड्डाण शाखेला किमान १६२.५ सेंटीमीटर, म्हणजे पाच फूट चार इंच लागते. अनवाणी, टाचा भिंतीला टेकवून, डोक्यावर वही आडवी ठेवून मोजा. विमानाच्या छोट्या बैठकीत माणूस नीट बसायला हवा, हात-पाय यंत्रांपर्यंत पोचायला हवेत, म्हणून इतरही मापं घेतात. भिंतीला पाठ लावून पाय सरळ पसरून बसलं, की भिंतीपासून टाचेपर्यंत ९९ ते १२० सेंटीमीटर. बैठकीपासून डोक्यापर्यंत ८१.५ ते ९६ सेंटीमीटर. मांडीची लांबी जास्तीत जास्त ६४ सेंटीमीटर. पंधरा-सोळा वर्षांची मुलगी थोडी वाढू शकते, म्हणून दर सहा महिन्यांनी मोजून तारीख टाका.

डोळे: दूरचं दिसत नाही म्हणून कायम चष्मा लावणाऱ्या मुलीला उड्डाणाच्या चाचणीला बसू देत नाहीत. लाल-हिरवा रंग नीट ओळखता येतो की नाही, हेही बघतात. उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयाच्या नेत्र विभागात जाऊन नजर आणि रंगओळख दोन्ही तपासून घ्या.

रक्त: हिमोग्लोबिन किती आहे ते आजच बघा. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी मुली घेतात का दप्तरात ठेवतात, तेही विचारा. अंगात रक्त नसेल तर धावणंही होत नाही आणि अभ्यासही होत नाही.

गोंदण: जत्रेत मैत्रिणींबरोबर हौसेने काढलेला टॅटू नंतर आड येतो. कायमचं गोंदण फक्त हाताच्या आतल्या बाजूला, कोपरापासून मनगटापर्यंत, आणि हाताच्या पंज्याच्या मागच्या बाजूला चालतं. आदिवासी समाजाच्या चालीरीतीप्रमाणे असलेल्या गोंदणाचा वेगळा विचार होतो.

कागद: दहावीच्या प्रमाणपत्रावरचं नाव आणि जन्मतारीख हीच खरी धरतात. आधारवर "सुनिता" आणि दहावीवर "सुनीता" असं असेल तर आत्ताच दुरुस्त करून घ्या. अर्जाच्या शेवटच्या दिवशी धावपळ नको.

मापं आणि अटी अधूनमधून बदलतात. त्या वर्षीच्या अधिकृत जाहिरातीत जे छापलंय तेच अंतिम. आपली सीआरपी ताई किंवा कॉलेजातली एखादी मुलगी यूपीएससीच्या आणि हवाई दलाच्या संकेतस्थळावरून ती जाहिरात काढून देऊ शकते.

४. गटाच्या वहीतला हिशोब

समजा, एका ताईने अकादमीच्या फीसाठी गटातून ५०,००० रुपये अंतर्गत कर्ज घेतलं. व्याज दरमहा शेकडा १ रुपया, परतफेड २४ महिने. मुद्दलाचा हप्ता महिन्याला साधारण २,०८३ रुपये. पहिल्या महिन्याचं व्याज ५०० रुपये, मग ते घटत जातं. दोन वर्षांत एकूण व्याज ६,२५० रुपये. म्हणजे घरातून गेले ५६,२५० रुपये.

आता बघा, दोन वर्षांनी वैद्यकीय तपासणीत कळलं की मुलीची उंची १५८ सेंटीमीटर आहे आणि उड्डाण शाखेला ती बसत नाही. एका मोजपट्टीने पहिल्याच दिवशी हे कळलं असतं. हेच पैसे त्या मुलीच्या दुसऱ्या शिक्षणाला लागले असते.

म्हणून गटात असा ठराव करता येईल, की सैन्यभरतीच्या क्लाससाठी कर्ज मागताना सोबत चाळणीची वही दाखवायची. अडवणूक म्हणून नको, मैत्रीण म्हणून. शेळीसाठी कर्ज देताना आपण गोठा बघतोच ना?

५. आयुष्यात एकदाच: उड्डाणाची कल चाचणी

आता मुख्य भाग. लेखी परीक्षा नापास झाली तर वय असेपर्यंत पुन्हा देता येते. निवड मंडळाकडूनही पुन्हा बोलावणं येऊ शकतं. पण वैमानिकाची जी कल चाचणी आहे, ती एकदाच. पूर्वी तिला पीएबीटी म्हणत, आता ती संगणकावर होते आणि तिला सीपीएसएस म्हणतात. यात एकदा नापास झालं, की पुढे कधीही, एफकॅटमधूनसुद्धा, हवाई दलाच्या उड्डाण शाखेत जाता येत नाही.

एवढा कडक नियम का? कारण या चाचणीत पाठांतर मोजत नाहीत. डोळे, हात, पाय आणि डोकं एकाच वेळी किती जुळवून चालतं, हे मोजतात. पुन्हा पुन्हा देऊन सवयीने पास झालेला माणूस खऱ्या विमानात, खऱ्या संकटात तसाच वागेल याची खात्री नसते. आणि एका वैमानिकाच्या प्रशिक्षणावर सरकारचा पैसा आणि त्याचा स्वतःचा जीव, दोन्ही पणाला लागतात.

चाचणीत साधारण दोन प्रकारची कामं येतात. एक, विमानातली मापकं बघून विमान कोणत्या स्थितीत आहे ते झटपट ओळखणं. दुसरं, यंत्रासमोर बसून काम करणं. हातात दांडा, पायाखाली पेडल, समोर पडदा. पडद्यावरचा ठिपका इकडेतिकडे पळतो, त्याला हाता-पायाने चौकटीत ठेवायचं. तेवढ्यात दिवा लागतो किंवा आवाज येतो, त्यालाही सांगितलेलं उत्तर द्यायचं, आणि ठिपकाही सुटू द्यायचा नाही.

आपल्यापैकी जिने पायाची शिलाई मशीन चालवली असेल तिला हे लगेच उमजेल. पाय एका लयीत, हात कापड सरकवतायत, डोळे सुईवर, आणि त्याच वेळी चुलीवरचं दूध उतू जातंय का याकडे कान. पहिल्या दिवशी धागा तुटतो, कापड वाकडं जातं. मग घाबरून जोरात पाय मारला की आणखी बिघडतं. इथेही तसंच आहे. ठिपका निसटला की जोरात दांडा ओढणारी मुलगी तो आणखी लांब घालवते. हळू आणि थोडं थोडं हलवणारी त्याला परत आणते.

६. मापकं वाचायला शिकूया

हा सराव वहीत चित्र काढून करायचा आहे. आयांनीही करावा, मजा येते.

उंचीमापक: घड्याळासारखं दिसतं, पण आकडे ० ते ९. लहान काटा हजार फूट दाखवतो, मोठा काटा शंभर फूट. लहान काटा ३ आणि ४ च्या मध्ये, मोठा ५ वर, तर उंची ३,५०० फूट.

वेगमापक: विमानाचा वेग नॉटमध्ये मोजतात. १०० नॉट म्हणजे ताशी साधारण १८५ किलोमीटर.

दिशादर्शक: होकायंत्रच. उत्तर ३६०, पूर्व ९०, दक्षिण १८०, पश्चिम २७०. उजवीकडे वळलं की अंश वाढतात, डावीकडे वळलं की कमी होतात. बेरीज ३६० च्या वर गेली तर ३६० वजा करायचे. वजाबाकी शून्याच्या खाली गेली तर ३६० मिळवायचे.

चढ-उतार दर्शक: काटा शून्याच्या वर असेल तर विमान चढतंय, खाली असेल तर उतरतंय, शून्यावर असेल तर त्याच उंचीवर आहे.

कृत्रिम क्षितिज: वर निळं आकाश, खाली तपकिरी जमीन, मध्ये रेषा. मुलींचा गोंधळ इथेच होतो. विमान डावीकडे कललं, की रेषेचं डावं टोक वर गेलेलं दिसतं आणि उजवं टोक खाली. उलटं वाटतं ना? करून बघा. मोबाईलचा कॅमेरा सुरू करून समोरच्या घराच्या पत्र्याची सरळ कड पडद्यावर धरा. आता मोबाईल डावीकडे कलवा. पत्र्याची कड पडद्यावर डावीकडून वर गेलेली दिसेल. पत्रा हलला नाही, हललो आपण. एवढं डोक्यात पक्कं बसलं की अर्धा गोंधळ संपला. विमानाचं नाक वर असेल तर पडद्यावर निळं जास्त दिसतं, नाक खाली असेल तर तपकिरी जास्त.

सरावाचे प्रश्न:

(१) उंचीमापकाचा लहान काटा ७ च्या जरा पुढे, मोठा २ वर. उंची किती?

(२) विमान पश्चिमेला, २७० अंशावर चाललंय. उजवीकडे ९० अंश वळलं. आता दिशा कोणती?

(३) विमान ४० अंशावर आहे. डावीकडे ६० अंश वळलं. आता किती?

(४) विमान ३०० अंशावर आहे. उजवीकडे १०० अंश वळलं. आता किती?

(५) दिशा १८० वर स्थिर, क्षितिजाची रेषा सपाट, चढ-उतार दर्शकाचा काटा शून्याच्या खाली. विमान काय करतंय?

(६) चढ-उतार दर्शक शून्यावर, क्षितिजाच्या रेषेचं डावं टोक वर, दिशेचे अंश कमी होतायत. विमान काय करतंय?

उत्तरं: (१) ७,२०० फूट. (२) उत्तर. (३) ३४० अंश. (४) ४० अंश. (५) सरळ दक्षिणेकडे जात, न कलता खाली उतरतंय. (६) उंची न बदलता डावीकडे वळतंय.

उत्तरं बरोबर आली की वेळ लावा. आधी एका प्रश्नाला एक मिनिट, मग अर्धं, मग पंधरा सेकंद. चाचणीत ज्ञान कमी लागतं, चपळाई जास्त.

७. दोन वर्षांत घरात काय बदलायचं?

ही चाचणी एकदाच असल्यामुळे तिथे पोचेपर्यंत मुलगी शांत डोक्याची आणि तयार शरीराची झालेली हवी. ते घरातच घडतं.

अभ्यासाची वेळ: दिवसात दोन सलग तास कुणीही हाक मारणार नाही असे ठेवा. पाणी भरणं, भाकरी, धाकट्याला सांभाळणं हे सगळं मुलीच्या वाट्याला आणि मुलगा मात्र क्लासला, असं असेल तर कामं वाटून द्या. दोन तास रोज मिळाले तर महिन्याला ६० तास होतात.

गणित आणि इंग्रजी: एनडीएच्या मागच्या परीक्षांचे पेपर यूपीएससीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. प्रश्न इंग्रजी आणि हिंदीत असतात, मराठीत नाहीत. म्हणून मराठी माध्यमाच्या मुलीने गणिताचे इंग्रजी शब्द आठवीपासूनच वहीत लिहून ठेवावेत. रोज एक इंग्रजी बातमी मोठ्याने वाचावी. समजली नाही तरी आधी वाचावी.

ऐकण्याची सवय: यंत्रावर बसण्याआधी काय करायचं ते सांगतात. अर्धवट ऐकून हात घालणारी मुलगी तिथेच चुकते. घरी असा खेळ खेळा: एकदाच चार सूचना सांगायच्या, पुन्हा सांगायच्या नाहीत, आणि तिने त्या क्रमाने करायच्या.

हात-पाय-डोळे: दोरीवरच्या उड्या, चेंडू झेलणं, सायकल, पोहणं, कबड्डी, खो-खो. यातलं काही केलं की चाचणीत नक्की पास, असं नाही. पण ज्या अंगाला खेळाची सवय असते ते अडचणीत आखडत नाही.

झोप: चाचणीच्या आधीच्या दिवसांत सात-आठ तास झोप हवी. रात्रभर जनरल डब्यात उभं राहून मुलगी गेली, तर दोन वर्षांची मेहनत एका रात्रीत वाया. शक्य असेल तर आदल्या दिवशी पोचेल असं तिकीट काढा. सोबत गेलेल्या नातेवाइकाने "नापास झालीस तर काय तोंड दाखवायचं" असली भाषा करू नये. आईने फोनवर एवढंच विचारावं, जेवलीस का, झोपलीस का.

ज्यांची मुलगी अजून दहावीत आहे त्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. राज्य सरकारने नाशिकला मुलींसाठी सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था २०२३ मध्ये सुरू केली आहे. मुलांची संस्था छत्रपती संभाजीनगरला १९७७ पासून आहे. दहावीनंतर प्रवेश परीक्षा घेऊन मुलींना अकरावी-बारावीसोबत एनडीएची तयारी करून घेतात. जागा कमी असतात, पण अर्ज करून बघायला काय हरकत आहे?

८. गॅरंटी देणाऱ्यापासून सावध

"आमच्याकडे सीपीएसएसची मशीन आहे, पास करून देतो" असं कुणी म्हणालं तर हात जोडून परत फिरा. खरी चाचणी निवड मंडळातच होते. बाहेर खेळातला दांडा आणि संगणक लावून थोडा सराव होईलही, पण गॅरंटी कुणाच्या बापाला देता येत नाही. "आत ओळख आहे, एवढे द्या" म्हणणारा तर सरळ ठग. निवडीच्या नावाखाली सरकार कुणाच्या हातात रोख पैसे मागत नाही. असा माणूस गावात आला तर त्याचं नाव ग्रामसंघाच्या बैठकीत सांगा, म्हणजे दुसरी बहीण फसणार नाही.

चांगले क्लासही आहेत, नाही असं नाही. फी भरण्याआधी तीन गोष्टी विचारा. मध्येच सोडलं तर पैसे परत मिळतात का? पावती मिळते का? लेखी परीक्षेची तयारी आणि मुलाखतीची तयारी वेगवेगळी भरता येते का? लेखी पास झाल्याशिवाय मुलाखतीच्या क्लासचे पैसे भरायचं कारणच नाही.

९. आणि नाही जमलं तर?

कल चाचणीत नापास झाली म्हणजे मुलगी कमी पडली असं मुळीच नाही. एखादीचा आवाज गाण्याचा नसतो, तसंच हे. बंद होतं ते हवाई दलात विमान उडवण्याचं दार. हवाई दलातली जमिनीवरची तांत्रिक आणि प्रशासकीय कामं, भूदल, नौदल यांची दारं उघडी असतात. एनडीएच्या अर्जात म्हणूनच पसंतीक्रम भरायला सांगतात, तो घाईत भरू नका.

आणि सैन्यात नाहीच गेली तरी दोन वर्षं गणित पक्कं केलेली, इंग्रजी वाचणारी, पहाटे धावणारी, चार अनोळखी माणसांत उभी राहून बोलणारी मुलगी घरात आहे. ती तयारी वाया जात नाही. वाया जातं ते कर्ज, जे चाळणी न लावता काढलं.

बैठकीत चर्चेसाठी

(१) आपल्या गटात आठवी ते बारावीच्या किती मुली आहेत? त्यांपैकी कितीजणी गणित घेणार आहेत, आणि ज्या घेणार नाहीत त्यांचं कारण काय?

(२) मुलीचं लग्न लांबवायचं म्हटलं तर घरात सगळ्यात आधी विरोध कोण करेल? त्या माणसाशी गटातली कोणती ताई बोलू शकेल?

(३) क्लासच्या कर्जाआधी चाळणीची वही बघण्याचा ठराव आपण करायचा का? केला तर इतिवृत्तात लिहा.

पुढच्या बैठकीपर्यंत करायचं काम

ग्रामसंघाने एक मोजपट्टी भिंतीवर लावावी आणि इच्छुक मुलींची उंची तारखेसह नोंदवावी. आशाताईंशी बोलून हिमोग्लोबिन तपासणीचा एक दिवस ठरवावा. प्रत्येक मुलीने सहाव्या भागातले सराव प्रश्न सोडवून, त्यासारखे दोन नवीन प्रश्न स्वतः तयार करून आणावेत. निवडक प्रश्न पुढच्या अंकात मुलीच्या आणि गटाच्या नावासह छापू.